विश्लेषण : जुनी कार घेतली, कूलंट कमी होतंय… आधी पाणी टाकायचे की गळती शोधायची?

दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि घाटावरच्या बुलढाणा जिल्ह्यात जुन्या गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावात शोरूममधून नवी कार आणणारे थोडे, पाच-सात-दहा वर्षे वापरलेली घेणारे जास्त. गाडी थंडीत घरी येते, नारळ फुटतो, चार महिने कुरकुर नसते. मग मार्च संपतो, लग्नसराई लागते. पाच जण बसवून, एसी लावून गाडी समृद्धी महामार्गावर चढते आणि अर्ध्या-पाऊण तासात तापमानाचा काटा वर सरकतो. बॉनेट उघडावे तर कूलंटची बाटली कोरडी. ‘ऊन किती आहे, पाणी टाका अन् चला,’ हा पहिला सल्ला तिथेच मिळतो.

अडचणीच्या वेळी तो सल्ला खोटा नाही. पण हाच सल्ला पुढचे दोन महिने रोज पाळला जातो, आणि काही शे रुपयांत सुटणारे काम हेड उतरवण्यापर्यंत जाऊन पोहोचते. जुन्या गाडीतले कूलंट कमी होत असेल तर ते भरत राहणे हा उपाय नव्हे, लक्षण झाकणे आहे. झाकलेले लक्षण पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधता येते, म्हणूनही ही सवय टिकून आहे.

थंडीत का दिसले नाही?

डोणगावहून मेहकरला जायचे तर गाडी साठ-सत्तरच्या वेगाने जाते, मध्ये थांबते, थंड होते. मोठ्या रस्त्याचे गणित निराळे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांतल्या गाड्यांना पहिल्यांदाच तासन् तास न थांबता शंभरच्या पुढे पळायची सोय झाली. तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. वेग ६० वरून १०० वर नेला की फक्त हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद चौपटीहून अधिक होते. ताकद वाढली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की कूलंटवरचा दाब वाढतो, आणि इतके दिवस झिरपणारी बारीक फट त्या दाबाखाली वाहू लागते. त्यात बाहेर चाळीस अंशांच्या वरचे ऊन आणि रेडिएटरसमोर एसीची तापलेली जाळी. म्हणजे गळती उन्हाळ्याने केलेली नसते. ती डिसेंबरातही होतीच, उन्हाळ्याने ती दाखवली इतकेच.

गाडी घेताना मारलेली पाच किलोमीटरची चक्कर म्हणूनच फारसे काही सांगत नाही.

कूलंट ‘संपते’ का?

पेट्रोल जळते, इंजिन ऑइलही थोडेफार जळू शकते. कूलंट जळायचे नसते. ते बंद वाटेने इंजिनातून रेडिएटरकडे आणि रेडिएटरमधून परत इंजिनाकडे फिरत राहते. ज्या गाड्यांत बाटली उघड्या नळीची असते तिथे कित्येक महिन्यांत बोटभर पातळी उतरणे समजण्यासारखे आहे. पण आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरावे लागत असेल तर ते कुठेतरी जात आहे. छोट्या कारमध्ये सगळे मिळून चार-पाच लिटर कूलंट असते. त्यातले अर्धा लिटर गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि तो जिथून जातो तिथे हवा शिरते. डोक्याच्या भागात अडकलेला हवेचा बुडबुडा तिथल्या धातूला थंड होऊ देत नाही.

इथे एक फसगत लक्षात घ्यायला हवी. तापमानाचा काटा ज्या सेन्सरवर चालतो, तो कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरे सांगतो. कूलंट फार उतरले आणि सेन्सर कोरडा पडला की इंजिन भाजत असतानाही काटा मधेच, कधी चक्क खाली दिसतो. ‘काटा तर बरोबर होता हो’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. गाडी थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल, एवढेच. लाल दिवा लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

साधे पाणी का चालत नाही?

साधे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला तर तीच मर्यादा १२५ अंशांच्या पुढे जाते. इंजिन नेहमी ९० ते १०० अंशांत चालते हे पाहिले की ही वरची पंचवीस-तीस अंशांची मोकळीक किती महत्त्वाची आहे ते कळते. झाकण दाब धरत नसेल आणि आत नुसते पाणी असेल तर ती मोकळीक जवळजवळ उरतच नाही.

दुसरी गोष्ट गंजाची आणि क्षारांची. काळ्या पाषाणातल्या विहिरी-बोअरचे पाणी सहसा जड असते. घागरीच्या आणि गिझरच्या आत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या केसासारख्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये पाण्याने पातळ होतात, ॲल्युमिनियमला खड्डे पडू लागतात आणि नवी गळती तयार होते. म्हणजे गळतीवर उपाय म्हणून टाकलेले पाणीच पुढची गळती घडवते.

जुन्या जीपवाल्यांना हे पटत नाही, आणि त्यांचेही बरोबर आहे. काळी-पिवळी जीपला मागे पाण्याचा कॅन टांगलेला असायचा, ढाब्यावर थांबले की झाकणावर फडके टाकून पाणी ओतायचे, आणि ती इंजिने वर्षानुवर्षे चालली. ती बिडाची होती, जाड होती, तापून थंड होणे सोसायची. आजच्या कारचे हेड ॲल्युमिनियमचे असते. एकदा जोरात तापले की ते किंचित वाकते, आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका बाकसुद्धा गॅस्केटला न झेपणारा असतो. सवय जीपच्या काळातली आहे, इंजिन मात्र बदलले.

शोध कुठून सुरू करायचा?

गॅरेजच्या आधी घराच्या अंगणातून. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी, सुरू करण्यापूर्वी, बाटलीवरच्या किमान-कमाल रेघांसह मोबाइलने फोटो काढायचा. रोज त्याच जागी, सपाट जमिनीवर, त्याच वेळी. आठ फोटो शेजारी ठेवले की पातळी किती दिवसांत किती उतरते ते दिसते, आणि ‘थोडे कमी होते’ या मोघम तक्रारीऐवजी मेकॅनिकसमोर पुरावा ठेवता येतो. रात्री इंजिनाखाली टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा सरकवून ठेवावा. डाग पुठ्ठ्याच्या कोणत्या भागात पडला यावरून वरची जागा शोधता येते.

गाडीखाली दिसणारा प्रत्येक थेंब कूलंटचा नसतो. एसी चालला की पुढच्या सीटखालच्या बाजूला पाणी टपकते, ते हवेतली वाफ गोठून झालेले स्वच्छ पाणी असते आणि त्यात काहीच चूक नाही. बोटावर घेऊन पाहावे. पाणी असेल तर चटकन वाळते. कूलंट बोटांत निसरडे लागते, गोडसर वास येतो, रंग हिरवा, गुलाबी, निळा असा काहीही असतो. चव मात्र घेऊ नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. गोठ्याजवळ गाडी लावणाऱ्यांनी तर जमिनीवर सांडलेले कूलंट माती टाकून उचललेच पाहिजे.

रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. फडके धरून, हळूहळू, अर्धा आटा, असले सगळे प्रयोग हात आणि चेहरा भाजून संपतात. दाबाखालचे द्रव उकळबिंदूच्या वर असते. झाकण सुटताक्षणी त्याची एकदम वाफ होते. दोन-तीन तास थांबावे, सकाळची वेळ सर्वांत चांगली.

थंड इंजिनावर झाकण उघडल्यावर कूलंट काठोकाठ दिसले पाहिजे. नुसती बाटली पाहून समाधान मानू नये. काही गाड्यांत बाटली फक्त साठवणीची असते. ती भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा, असे होऊ शकते. झाकणातली परत ओढून घेणारी छोटी झडप अडकली की असेच होते, आणि तेव्हा थंड झाल्यावर वरचा रबरी पाइप चपटा झालेला दिसतो. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळे झाकण नसून बाटलीच दाबाखाली असते, तिथे बाटलीची पातळी हीच खरी पातळी.

सर्वांत स्वस्त गुन्हेगार हे झाकणच असते. त्याचे रबर कडक झाले, स्प्रिंग थकली की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते आणि नळीतून बाहेर फेकले जाते. जुनी गाडी घेतल्यावर कंपनीच्या मापाचे नवे झाकण लावणे हा पहिला खर्च करायला हरकत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा छापलेला असतो. ‘जास्तीचे लावले तर चांगले’ म्हणून त्याहून मोठ्या आकड्याचे लावू नये, जुने पाइप फाटतात.

त्यानंतर मोबाइलचा टॉर्च घेऊन कूलंटच्या वाटेने नजर फिरवायची. तापलेल्या भागावर पडलेले कूलंट लगेच उडून जाते, ओले काही सापडत नाही, मागे राहतो तो वाळलेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खार. शोधायचा तो हाच. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही कडांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्या जिथे दाबून जोडलेल्या असतात तो सांधा वयोमानाने सुटतो. पाइपांच्या टोकांशी, क्लिपांच्या कडेला खार जमतो. पाइप दाबून पाहावा. तो चिखलासारखा मऊ, फुगलेला किंवा बोटाखाली करकरणारा असेल तर बदलायचाच. वॉटर पंपाच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले एक बारीक भोक असते. आतली सील गेली की पंप तिथून ‘रडतो’, आणि भोकाखाली रंगाचा ओघळ दिसतो. पंपातून घरघर येत असेल तर वाट पाहू नये. बऱ्याच गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तो अडकला तर नुकसान पंपापुरते राहत नाही.

काही गळत्या थंडपणीच होतात, गरम झाले की धातू आणि रबर फुगून फट बंद होते. मेकॅनिककडे गाडी तापलेलीच पोहोचते, मग त्याला काही दिसत नाही आणि तो ‘गळती नाही’ असे सांगतो. अशा वेळी गाडी आदल्या रात्री गॅरेजला ठेवून सकाळी तपासायला सांगणे हाच उपाय.

डॅशबोर्डच्या मागे हीटरसाठी एक छोटा रेडिएटर असतो. तो गळला तर पुढच्या डाव्या सीटखालची चटई चिकट ओली होते, काचेवर तेलकट धुके बसते, गाडीत गोड वास येतो. विदर्भात हीटर लावतो कोण, म्हणून कुणी त्या गळतीवर इलाज न करता पाइप एकमेकांना जोडून तो भाग वाटेतूनच काढून टाकतो. गाडी तशी चालते. पण विकत घेताना हे कळायला हवे.

एक उलटी शक्यताही असते. गळती मुळीच नसते, फॅन चालत नसतो. गाडी गर्दीत किंवा उभी असताना तापते, मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, आणि तापून बाटलीतून बाहेर आलेले कूलंट गळतीसारखे दिसते. फॅनची मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर आधी पाहावे. याच्या उलट, उभी असताना ठीक आणि वेगात तापणारी गाडी रेडिएटर चोंदल्याचे किंवा त्याहून वाईट काही सुचवते.

बाहेर थेंबही नाही, तरी पातळी उतरते?

इथून चिंतेचा भाग सुरू होतो. कूलंट बाहेर पडत नसेल तर ते इंजिनाच्या आत जात आहे. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फुटले की ते सिलिंडरमध्ये शिरते, वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. सकाळी गाडी सुरू करताना इंजिन क्षणभर अडखळते, पांढरा धूर येतो आणि तो गोडसर वासाचा असतो. थंडीत पहिल्या दोन-चार मिनिटांत येणारी पांढरी वाफ साधी असते, ती विरते. गरम झाल्यावरही न थांबणारा धूर साधा नव्हे.

उलट्या दिशेने सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतो. थंड गाडी सुरू करून मिनिट-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, बाटलीत एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर संशय पक्का धरावा. कूलंट तापून दाब यायला इतक्या लवकर वेळच झालेला नसतो, हा दाब जळालेल्या वायूचा असतो. तपासायची साधी पद्धत आहे. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवून तिथली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. पेट्रोल इंजिनाचा जळका वायू त्यात आला की द्रव पिवळा पडतो. दहा मिनिटांचे काम. अनेक गॅरेजमध्ये हे न करता थेट ‘हेड खोलावं लागेल’ असे सांगितले जाते. हेड खोलण्यापूर्वी ही चाचणी मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात. ती नेहमी गॅस्केटची खूण नसते. थंडीत रोज दोन-दोन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत वाफेमुळेही थोडी साय जमते. ऑइलच्या पट्टीवर, म्हणजे खालच्या ऑइलमध्येच, चहासारखा दुधाळ रंग आला असेल तर मात्र गाडी सुरूच करू नये. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत.

डिझेल गाड्यांत आणखी एक जागा आहे, जी गावातल्या मिस्त्रीच्या नजरेतून सुटू शकते. प्रदूषण कमी करण्यासाठी धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा कूलर अलीकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांत असतो आणि तोही कूलंटनेच थंड होतो. त्याच्या आत चीर पडली तर कूलंट धुराबरोबर निघून जाते. लक्षणे हुबेहूब हेड गॅस्केटसारखी. हेड उतरवून, लेथवर घासून, नवे गॅस्केट टाकून पाच आकडी बिल झाल्यावरही पातळी उतरतच राहिली, असे होण्याचे हे एक कारण.

प्रेशर टेस्ट म्हणजे काय?

रेडिएटरच्या झाकणाच्या जागी एक हातपंप बसवतात, त्याला दाबमापक असतो. थंड, बंद इंजिनावर झाकणावर छापलेल्या दाबाइतकीच हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे पाहत बसायचे. काटा स्थिर राहिला तर बाहेरची यंत्रणा घट्ट आहे. खाली आला आणि कुठे ओल दिसली तर जागा सापडली. खाली आला आणि कुठेच काही दिसले नाही तर संशय आत. झाकण याच पंपाने वेगळे तपासता येते. फारच बारीक गळती असेल तर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकून दोन दिवस गाडी चालवतात आणि अतिनील टॉर्चने पाहतात.

हे उपकरण छोट्या कारच्या एखाद-दुसऱ्या टायरच्या किमतीत येते. तरी अनेक ठिकाणी निदान अंदाजावर चालते. याचा दोष फक्त मिस्त्रीला देऊन भागणार नाही. तपासणीचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, सुटा भाग बदलला तरच ते पाकीट उघडते. मग मिस्त्री भाग बदलत जातो. आधी झाकण, मग पाइप, मग पंप, मग रेडिएटर. चार वेळा अंदाज चुकवण्यापेक्षा एकदा तपासणीची मजुरी देणे स्वस्त पडते. गावात सोय नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन करून घ्यावी, आणि तिथवर गाडी तापवत न्यायची नसेल तर टोचन करून न्यावी.

हळद, ‘स्टॉप लीक’ आणि काढलेला थर्मोस्टॅट

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती ड्रायव्हर मंडळींत जुनी आहे. भुकटी फुगते, फटीत बसते, गळती थांबते. बाजारात मिळणारी ‘स्टॉप लीक’ द्रावणे तेच काम जरा सफाईने करतात. रात्री दोन वाजता घरी पोहोचायचे असेल तर हरकत घेण्यात अर्थ नाही. पण ती भुकटी फट कोणती आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती हे ओळखत नाही. दोन्ही बुजवते. जुनी गाडी घेताना रेडिएटरच्या तोंडाशी पिवळट-तपकिरी गाळ दिसला तर तो कुणाच्या तरी अशाच रात्रीचा, किंवा विकण्याच्या आदल्या दिवसाचा, अवशेष असू शकतो.

दुसरा प्रकार जास्त रूढ आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा. ‘आपल्याकडे गरमी, त्याची गरजच काय?’ हा युक्तिवाद ऐकायला पटतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. त्याआधी तो कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येते. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड धावते, इंधन जास्त पिते, झीज वाढते, आणि मूळ गळती जिथल्या तिथे राहते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलावा, काढू नये. काढला आहे का हे घरबसल्या कळते. थंड गाडी सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप काही मिनिटे गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत गेला तर आत थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकला आहे.

रस्त्यात तापली तर?

एसी बंद, हीटर पूर्ण जोरात, वेग कमी, डावीकडे सुरक्षित जागी थांबणे, इंजिन बंद. हीटर लावणे उन्हात शिक्षा वाटते, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. द्रुतगती मार्गावर थांबावे लागले तर माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे बसू नये, कठड्याच्या पलीकडे जावे. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावे. लाल तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. त्या वेळी जवळ साधे पाणी असेल तर तेच टाकावे, कोरडे चालवण्यापेक्षा ते बरे. मात्र घरी आल्यावर ते पाणी काढून, योग्य मिश्रण भरून, आतली हवा काढून घेणे हे त्याच कामाचा भाग आहे. कूलंटच्या रंगावर जाऊ नये. एकाच रंगात वेगवेगळ्या जातीची कूलंट येतात, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे.

विकत घेण्याआधी काय पाहायचे?

जुनी गाडी पाहायला जाणारा माणूस टायर पाहतो, दारे ठोकून पाहतो, किलोमीटरचा आकडा पाहतो, गाणी लावून पाहतो. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे का हे फार थोडे जण पाहतात. गाडी आधीच सुरू करून, गरम करून दाखवली जात असेल तर सकाळचा परिणाम, पहिला धूर, रेडिएटरच्या आतली पातळी, यातले काहीच दिसणार नाही. नम्रपणे ‘दादा, उद्या सकाळी सातला येतो, तोवर सुरू करू नका’ एवढे म्हणावे. ज्याची गाडी चांगली आहे त्याला यात अडचण नसते.

थंड असताना झाकण उघडून रंग पाहावा. गढूळ तांबूस पाणी म्हणजे वर्षानुवर्षे कूलंट पडलेले नाही. दहा वर्षांच्या गाडीत लखलखीत नवे कूलंट असेल तर ‘केव्हा बदलले, का बदलले’ हे विचारावे. रेडिएटर तेवढा नवा आणि बाकी सगळे जुने असेल तर तो का बदलावा लागला, जुना गळल्यावर गाडी किती तापली होती, हा प्रश्न रेडिएटरपेक्षा महत्त्वाचा. मग निदान तासभर, एसी लावून, त्यातला काही भाग मोठ्या रस्त्यावर, गाडी चालवावी आणि परत आल्यावर लगेच निघून न जाता इंजिन बंद करून दहा मिनिटे खाली वाकून पाहावे. शक्य असेल तर व्यवहाराच्या आधी प्रेशर टेस्ट. तिचा खर्च घेणाऱ्याने करावा, गाडी पडू देणे विकणाऱ्याचे काम.

कायदा किती मदतीला येतो?

थोडाच. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्या काळात ती कितीही हातांत गेली तरी तिची यांत्रिक तपासणी बंधनकारक नाही. मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, ज्याला सगळे ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. गाडीवर एमएच-२८ असो की आणखी काही, त्या कागदांत इंजिनाच्या प्रकृतीचा रकानाच नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्राचे नवे नियम लागू झाले, पण त्यांचा भर व्यापाऱ्याची अधिकृतता आणि गाडीची जबाबदारी कुणाकडे याच्या नोंदीवर आहे, गॅस्केटवर नाही. जुन्या गाडीची विक्री होताना किमान ब्रेक, स्टीअरिंग आणि कूलिंग यांची छापील तपासणी जोडणे सक्तीचे का असू नये, हा प्रश्न परिवहन खात्याला विचारण्याजोगा आहे. पीयूसीसाठी रांग लावणारी व्यवस्था एवढे नक्कीच करू शकते.

व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. ओळखीतल्या माणसाने स्वतःची गाडी विकली असेल तर तो मार्ग जवळजवळ बंद असतो. मग उरतो १८७२ चा करार कायदा. त्याच्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणे ही फसवणूक आहे, पण नुसते गप्प बसणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. हा फरक घेणाऱ्याने नीट वापरावा. विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर सरळ प्रश्न लिहून पाठवावेत : गाडी कधी तापली होती का, हेडचे काम झाले आहे का, कूलंट किती दिवसांनी भरावे लागते, थर्मोस्टॅट जागेवर आहे का. प्रश्न विचारलाच नाही तर त्याचे मौन चालून जाते. विचारल्यावर लेखी खोटे उत्तर आले तर ते हाताशी राहते, जरी ते सिद्ध करायला पुढे वकील आणि वेळ दोन्ही लागले तरी.

विक्रीच्या करारनाम्यावर साधारणपणे ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली’ असे वाक्य असते. त्याखाली आणखी एक ओळ घालून घेता येते : इतक्या दिवसांत हेड गॅस्केट किंवा रेडिएटरचा दोष निघाला तर दुरुस्तीचा निम्मा खर्च विकणारा देईल. पंधरा दिवस की महिना, निम्मा की पूर्ण, हे दोघांनी ठरवावे. गावच्या व्यवहारात अशी ओळ मागणे अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, विशेषतः विकणारा पाहुण्यातला असेल तर. पण एप्रिलच्या उन्हात हेडचे बिल आल्यावर त्याच पाहुण्याशी होणारे भांडण त्याहून महाग पडते. व्यवहार दिवाळीतला असेल तर ती मुदत उन्हाळ्यापर्यंत ताणून मागायलाही हरकत नाही. विकणारा बहुधा ‘नाही’ म्हणेल. मग किंमत त्या हिशेबाने खाली आणायची.